पाठमोरा पुंजाजी

बोरखडीच्या पुंजाजी भोयाले कधीही विचारा, "काय चाललं, पुंजाजी?" त्याचं उत्तर एकच. "थकलो ना बावा." सकाळी विचारा, दुपारी विचारा, ईदेच्या दिवशी विचारा की दसऱ्याले विचारा, दुसरं काही त्याच्या तोंडून निघत नाही. पयले मले वाटे, ही त्याची बोलायची सवयच आहे. मी नाही का, हर दोन वाक्यांमागं "कसम से" म्हणतो? आमची रईसा त्यावरून मले टोमणे मारते. म्हणते, इतक्या कसमा खाता, पोट कसं बिघडत नाही तुमचं! पण पुंजाजीची ती सवय नव्हती. तो माणूस खरंच थकला होता, आणि ते कोणाले ऐकू येत नव्हतं.

मी अन्सार. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं मासळीचं दुकान आहे, अब्बांच्या वक्तापासूनचं. बोरखडीचा तलाव मूर्तिजापूरपासून आतल्या अंगाले. ज्या दिवशी तिथं मोठं जाळं ओढतात, त्या दिवशी मी गाडीत बर्फ भरून पहाटेच निघतो आणि काटा लावून तलावाच्या पाळीवर उभा राहतो. माझा संबंध वजनाशी. पण मासळीच्या धंद्यात माणूस मासळीपेक्षा भांडणंच जास्त पाहतो. बोरखडीले मी जेवढी भांडणं पाहिली तेवढी आमच्या मोहल्ल्यात लग्नाच्या जेवणावरही झाली नसतील. आणि त्या हर भांडणाच्या मधात एक वाळका, उंच, गमछा डोक्याले गुंडाळलेला माणूस उभा. तो पुंजाजी.

हा तलाव आधी ठेकेदाराचा होता. म्हणजे तलाव सरकारचा, पण दर साली लिलाव होई आणि ज्याच्या खिशात दम असे तो घेई. ठेकेदार बाहेरून माणसं आणे, बारीक-मोठं काही न पाहता तलाव झाडून नेई, आणि ज्या भोयांच्या बापजाद्यांनी त्या पाण्यावर दिवस काढले ते भोई तिथंच मजुरीले. पुंजाजी तेव्हा जवान होता. त्यानं भोईपुऱ्यातल्या घराघरात जाऊन संस्था उभी केली, कधी मूर्तिजापूरले, कधी अकोल्याले हापिसाच्या बाकड्यांवर बसून बसून धोतराचं सूत काढलं, आणि तलाव संस्थेच्या नावानं आणला. तेव्हापासून तो अध्यक्ष. आज त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी अध्यक्ष तोच.

तलाव आला तसे त्यांनी निंबाखाली बसून नियम केले. पावसाळ्यात जाळं टाकायचं नाही. जिथून नाला तलावात येतो त्या कोपऱ्यात बाराही महिने हात लावायचा नाही, काहून का मासोळी अंडी टाकायले तिकडूनच वर चढते. कास्तकारांनीही कबूल केलं की भिंतीवर रंगवलेल्या पट्ट्याखाली पाणी गेलं की मोटारी बंद. सगळ्यांनी मान हलवली. पण मान हलवणं सोपं असते हो! चैतात पाणी पट्ट्याखाली गेलं आणि एखाद्या पाटलाची मोटार चालूच राहिली तर त्याच्या बांधावर जाऊन "बंद करा" म्हणायचं कोणी? पुंजाजीनं. आषाढात पाऊस कोसळून राहिला असताना कोपऱ्यात कोणी बसलं का म्हणून पाहायचं कोणी? पुंजाजीनं. जलपर्णी वाढली, पुंजाजी. मासोळीच्या बियाची गाडी उशिरा आली, निम्मी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मरून आली, शिव्या कोणाले? पुंजाजीले.

मागं एकदा मत्स्य विभागाच्या उज्मा मॅडम आल्या होत्या. पोरगी भली, समजूतदार. तिनं सगळ्यांना बसवून सांगतलं की तुमी करून राहिले ना, याले सहव्यवस्थापन म्हणतात. सरकार आणि लोक मिळून तलाव सांभाळतात. पुंजाजी सगळ्यात मागं बसला होता. तो म्हणला, "मॅडम, म्हंजे सगळे मिळून सांभाळतात, अन् शिव्या एकटाच खाते, तेच ना?" मॅडम इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. पुंजाजी काही हसला नाही. त्यानं खरंच विचारलं होतं.

आता तुमी म्हणाल, इतका कंटाळला तर सोडत काहून नाही? सोडायचं तर होतं त्याले! दर साली सभेत तो उभा राही आणि हात जोडे. "आता दुसरा पाहा रे. माझे गुडघे गेले. मले घरी बसू द्या." सगळे "हो हो" म्हणत आणि पुन्हा त्याचंच नाव पुढं करत. त्याले एवढीच एक गोष्ट पाहिजे होती, की हे सगळं कोणाच्या तरी हाती देऊन दोन घास सुखानं खावे. आणि नेमकी तीच कोणी देत नव्हतं. त्याचं कारण त्याच्या पाठीत होतं.

ते असं. जाळं ओढलं की रोहू, कटला, मृगळ, म्हणजे जी मासोळी संस्थेनं बी टाकून वाढवली, ती माझ्या काट्यावर येते. पण जाळ्यात दुसरीही मासोळी असते. मरळ, वाम, शिंगटे, झिंगे. ती कोणी टाकलेली नसते, ती तलावाची स्वतःची. ती विकायची नाही, घरी न्यायची. आणि भोयाच्या घरी कटल्यापेक्षा मरळ गोड! म्हणून सगळा जीव त्या वाट्यांवर. पाळीवर ताडपत्री टाकून जितके सभासद तितके वाटे करतात. कितीही केलं तरी सारखे होतच नाहीत. एखाद्यात मोठी मरळ जाते, एखाद्यात नुसते झिंगे. मंग एक माणूस वाट्यांकडे पाठ करून बसतो. दुसरा मागून एका वाट्यावर हात ठेवतो आणि विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा बसलेला एक नाव घेतो. ते नाव निघालं की तो वाटा त्याचा. रड नाही, बोभाटा नाही, बदली नाही. तोंडातून गेलेलं नाव परत घेता येत नाही, हा बोरखडीचा सगळ्यात जुना नियम, संस्थेच्याही आधीचा. आणि ज्याचं नाव पुकारलंच नाही, तो संस्थेत नाही.

सोपं वाटते ना? बसून दाखवा. मागून कोणी खाकरलं, कोणाच्या बांगड्या वाजल्या, विचारणाऱ्यानं आवाज जरासा ओढला, की पाठमोऱ्याले समजते कोणता वाटा आहे. मंग आपल्या माणसाचं नाव घ्यायले किती वेळ लागते? पुंजाजीच्या आधी जो जो बसला त्याच्यावर आळ आला. पुंजाजीवर कधी आला नाही. तो भोईपुऱ्यातल्या घरांच्या ओळीनंच नावं घेई, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि स्वतःचं सगळ्यात शेवटी. मागं कोणी खाकरो की शिंको. त्याच्या वाट्याले बहुतेक वेळा झिंगेच आलेले मी पाहिले आहेत. लोक म्हणत, पुंजाजीच्या पाठीले डोळे नाहीत. बस, याच्यासाठी त्याले सोडत नव्हते.

त्याचा एक लहाना भाऊ, जीवन. सख्खा. आईबाप लवकर गेले, पुंजाजीनंच त्याले वाढवलं, लग्न करून दिलं. दोघांची घरं समोरासमोर, मधात अंगण एकच. जीवन हसरा, हाताचा सढळ, पाण्यात त्याच्यासारखा पोहणारा नाही. फक्त डोकं जरा हलकं. दोन वर्षांमागं ऐन पावसाळ्यात त्याच्या घरी सासरचे पाहुणे आले. मासोळीची बंदी. आता भोयाच्या घरी पाहुणा आणि ताटात वांगं? जीवनची मान खाली झाली. त्यानं काय करावं! कपाशीवर फवारायचं औषध घेतलं, जरासंच, आणि नाल्याच्या तोंडावर सोडलं. त्याले वाटलं दोन-चार मासोळ्या वर येतील आणि काम भागेल. सकाळी पाहतात तर पोटं पांढरी करून मासोळीच मासोळी. अंडी भरलेल्या माद्या. सगळा कोपरा भरलेला. वास असा की गुरं तिकडं पाणी पीत नव्हती.

जीवन घाबरला. धावत आला आणि समोरच्या घरात भावाच्या पायाशी बसून रडला. "दादा, माझ्या हातून झालं." दुपारी निंबाखाली सभा भरली. कोणी केलं, कोणी केलं म्हणून कालवा चालला होता, परगावच्या लोकांवर संशय घेऊन राहिले होते. पुंजाजी उठला आणि म्हणला, "जीवननं केलं. मले त्यानंच सांगतलं." आणि सजा काय ते आधीच ठरलेलं होतं, त्याच्याच पुढाकारानं ठरलेलं. औषध सोडणाऱ्याचं नाव पुकारायचं नाही.

जीवन सभेतच उभा होता. तो भावाले म्हणला, "मी तुले भाऊ समजून सांगतलं होतं. तू अध्यक्ष होऊन आयकलं." त्या दिवसापासून दोघांत बोलणं बंद. अंगणात मधोमध तुराट्यांचं कुंपण आलं. जीवन अकोल्याले सेंटरिंगच्या कामावर जाऊ लागला. पाण्यातला माणूस सिमेंटात गेला, अजून काय सांगू. मी पुंजाजीले एकदा म्हणलोही होतो, "काहून सांगतलं? गप्प बसले असते तर कोणाच्या बापाले समजत होतं?" तो म्हणला, "मले समजत होतं ना." मले तेव्हा त्याचा राग आला. अजूनही कधी कधी येते. इतकं सरळ राहून कोणाचं भलं झालं ते मले समजत नाही.

आता यंदाची गोष्ट. संक्रांत झाली होती. जाळं झकास लागलं. माझा काटा आटोपत आला होता आणि पलीकडं वाट्यांचं सुरू झालं. वाट्यांवर हात ठेवायले खुशालराव. हा संस्थेचा सचिव, जाडा, आवाज खणखणीत, नियमाचा पक्का आणि जिभेचा तिखट. पुंजाजी माझ्याकडं तोंड करून दगडावर बसला होता, बाकी सगळे त्याच्या मागं. तो ओळीनं नावं घेऊन राहिला होता. डोळे अर्धे मिटलेले. रात्रभर कुठल्याशा मोटारीच्या भांडणात गेला होता म्हणे.

"हा कोनाचा?"

"खुशालराव."

"हा कोनाचा?"

"जीवन."

मी काट्यावरून मान वर केली. पुंजाजीचे डोळे उघडले होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता. मागं खुशालरावाचा हात एका वाट्यावर तसाच. आणि तो वाटा कोणता? सगळ्यात मोठी मरळ त्याच्यात. आता बोला!

मंग जो गलका उठला की विचारू नका. कोणी म्हणे, चुकलं, पुन्हा पुकारा. कोणी म्हणे, पुन्हा कसं, नाव फिरत नाही. एक जण म्हणला, "दोन वर्ष नाटक केलं. शेवटी भाऊ तो भाऊच!" आणि खुशालराव गरजला, "पुंजाजीभाऊ, मोठ्या मरळीवरच बरं जीभ घसरली तुमची!" ज्या माणसाच्या पाठीवर सगळ्या गावाचा भरोसा, त्याच्या पाठीवर पहिल्यांदा आळ आला. मले वाटलं तो आता भांडेल, कसम खाईल, काही तरी बोलेल. तो उठलाही नाही. हात वर करून म्हणला, "बाकीचे पुकारू द्या. मंग बोला."

आणि त्यानं उरलेली नावं ओळीनं घेतली. शेवटच्या नावाले शेवटचा वाटा संपला. त्याचं स्वतःचं नाव राहिलं आणि ताडपत्री रिकामी.

पुंजाजी तेव्हा उठला, लोकांकडं वळला. "पाहा, कोनाचं काई गेलं का? नाई ना? नाव निंगालं, ते फिरत नाई. जीवन संस्थेत आला. माझं नाव पुकारलं नाई, म्हंजे मी संस्थेत नाई. नियम हाच हाय, का नाई खुशालराव?" खुशालराव रिकाम्या ताडपत्रीकडं पाहून राहिला. "मंग आता दुसरा अध्यक्ष पाहा, दुसरा बसनारा पाहा. मी सुटलो." असं म्हणून त्यानं जीवनचा वाटा एका टोपल्यात भरला आणि पाळीवरून चालू लागला. अल्ला कसम, त्या वेळी तो माणूस दहा वर्षांनी जवान दिसला मले.

मी त्याले गाडीत घेतलं, भोईपुऱ्यापर्यंत सोडतो म्हणून. मले राहवत नव्हतं. मी विचारलं, "खरं सांगा पुंजाजी, जाणूनबुजून घेतलं नाव?"

त्यानं डोक्याचा गमछा सोडला. मंग म्हणला, "नाई रे अन्सार. खुशालरावाच्या घराले लागून जीवनचं घर. जिंदगीभर खुशालराव झाला का जीवन, असंच पुकारत आलो. दोन वर्षांपासून दर बार तोंडाशी येई, अन् दर बार मी ते नाव गिळो. आज गिळाचं राहून गेलं." थोड्या वेळानं म्हणला, "थकलो ना बावा."

जीवनच्या दारात माणिकबाई होती, जीवनची बायको. पुंजाजी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी त्यांच्यात सून समोरासमोर बोलत नाही. तिनं पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं पाहून म्हणली, "अन्सारभाऊ, त्यायले इचारा, हे काय आनलं?"

पुंजाजीही माझ्याकडंच पाहून म्हणला, "तिले सांग, तिच्या घरचा वाटा हाय. नाव पुकारलं."

मी मधात उभा, टोपलं मधात. दोघं एका हाताच्या अंतरावर, आणि निरोप माझ्यामार्फत अकोल्याहून फिरून येऊन राहिले होते! माणिकबाईनं टोपल्यात पाहिलं. मरळ अजून शेपटी हलवत होती. ती म्हणली, "त्यायले सांगा, दोन वर्षांत माया घरवाल्यानं मासोळीले तोंड लावलं नाई. बजारची आनतो म्हनलं तर ताटावरून उठते. अन् इचारा त्यायले, तुमाले ठाव होतं का हे?"

पुंजाजी खाली पाहत होता. त्याले माहीत नव्हतं, हे दिसतच होतं. घरात खाटेवर जीवन बसला होता, अंधारात नुसते पाय दिसत होते. त्या दिवशी कामावर गेला नव्हता. पुंजाजी उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत या कोणी म्हणलं नाही. शेवटी तो दारातूनच बोलला, "जीवन्या, पुढच्या जाळ्याले ये. तुई जागा हाय." पाय हलले नाहीत. पुंजाजीनं टोपलं उंबऱ्यावर ठेवलं आणि कुंपणाले वळसा घालून स्वतःच्या घरात गेला.

मले वाटलं, चला, एक तर झालं. भाऊ बोलो न बोलो, माणूस सुटला. महिनाभर पुंजाजी घरी बसला. मी मधात एकदा सहज गेलो तर अंगणात उन्हाले बसून दाढी करून घेत होता. बंद करायले गेलं नाही कोणी, म्हणून दोन मोटारी पट्ट्याखालीही चालूच होत्या म्हणे. तो ऐकून घेई आणि चहाची बशी तोंडाले लावी.

मंग पुढचं जाळं आलं. तलावावर जीवन आला होता. सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला, सगळ्यांच्या मागून निघाला, पण कोणाशी एक शब्द नाही. वाटे झाले. पाठमोरा बसायले खुशालराव पुढं झाला. दोन नावं घेतली नसतील की बोंब झाली. खुशालरावाच्या बायकोनं खाकरलं म्हणे! ती म्हणे, मले सर्दी आहे. दुसरी म्हणे, मरळीच्याच वाट्यावर बरी सर्दी होते! वाटे मोडले, पुन्हा केले. दुसरा बसवला, त्याचा साळा वाट्यांजवळ उभा होता म्हणून उठवला. तिसऱ्याले बसायच्या आधीच उठवला. ऊन तापलं. मासोळी सुकून राहिली होती, माशा घोंगावत होत्या. माझा बर्फ वितळून राहिला होता आणि मी वैतागून सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार मनातल्या मनात करत होतो. शेवटी दोघं जण गावात गेले आणि पुंजाजीले घेऊन आले. घेऊन काय, जवळजवळ उचलूनच.

तो आला तसे सगळे त्याच्याभोवती. "भाऊ, तुमीच बसा." "चुकलं आमचं." पुंजाजी म्हणला, "मी संस्थेत नाई." खुशालराव म्हणला, "घेतलं ना पुन्हा! हात वर करा रे सगळे!" हात वर झाले. पुंजाजी कळवळून म्हणला, "अरे, तुमीच म्हनलं ना माझी जीभ मरळीवर घसरली? मंग आता काहून मले बसवता?"

आणि तेव्हा मागून जीवन बोलला. त्या लोकांत दोन वर्षांनी पहिल्यांदा बोलला.

"यालेच बसवा," तो म्हणला. आवाज थरथरत होता, रागानं की कशानं, मले सांगता येत नाही. "यानं सख्ख्या भावाचं नाव गिळलं. माया पोटावर पाय देल्ला. अन् चुकीनं नाव घेतलं तं सोताचा वाटा देऊन मोकळा झाला. तुमच्यासाठी हा काय खोटं पुकारनार हाय? याच्यासारखा दुसरा नाई भेटनार तुमाले. यालेच बसवा."

झालं. सगळ्यांनी मान हलवली. पुंजाजी त्या गर्दीत असा उभा होता की आता पडतो की मंग. त्यानं हात जोडले. "सोडा ना रे मले," तो म्हणला. "मी थकलो. खरंच थकलो. कोनी तं सोडा."

माझ्याच्यानं पाहवलं नाही. मी काट्यावरून ओरडलो, "अरे सोडा ना त्या माणसाले! इन्सान आहे का मोटार आहे तो?" खुशालराव मले म्हणला, "अन्सारभाई, तुमी वजन करा." मी वजन केलं. काय करता?

पुंजाजी जीवनकडं पाहून राहिला होता. "दोन वर्षांनी बोलला, जीवन्या," तो म्हणला, "अन् हे बोलला?"

"मंग काय बोलू?"

"घरी चाल म्हनला असता तरी पुरत होतं."

जीवनचं तोंड वाकडं झालं, लहान लेकरू रडायच्या आधी करते तसं. त्यानं ओल्या गमछ्यानं चेहरा पुसला, पुढं आला आणि भावाचा हात धरला. "पयले नावं पुकार, दादा," तो म्हणला. "मासोळी उन्हात हाय. मंग जाऊ घरी. संगंच जाऊ."

त्यानं त्याले हाताले धरून दगडापर्यंत नेलं आणि बसवलं. पुंजाजी बसला, माझ्याकडं तोंड करून, लोकांकडं पाठ करून. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याच्या जिवात नव्हतं. खुशालरावानं पहिल्या वाट्यावर हात ठेवला आणि विचारलं. पुंजाजीनं या वेळी घरांची ओळ सोडली. तो म्हणला, "जीवन." पण आवाज इतका थकलेला निघाला की मागच्यांना ऐकूच गेला नाही. ते ओरडले, "कोण? कोण म्हनला?" आणि त्याले ते नाव पुन्हा एकदा, जोर लावून घ्यावं लागलं.